प्लास्टिकमधली गुणपत्रिका

आमच्या दादाला कागद उघडा दिसला की चैन पडत नाही. शाळेच्या फाटकासमोर त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर ताटकळायचं, एवढंसं. मशीनवर तो, गल्ल्यावर मी. मी त्याची धाकटी बहीण, आणि माझी जीभ किती तिखट आहे ते गिऱ्हाइकांना विचारा.

त्याच्या या वेडाला कारण होतं म्हणा. कॉलेजात जायच्या वेळी कपाटातून दाखला काढायला गेला, तर वाळवीनं खाल्लेला. हातात नुसता भुसा. दुसरी प्रत येईपर्यंत प्रवेश संपले, आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पण त्याची लेक ठकी नववीत गेली त्या दिवशी त्यानं एक जाडजूड फाइल आणली आणि मला म्हणाला, "हिचा एकही कागद वाया जाऊ देणार नाही."

ठकीला नर्सिंगला जायचं होतं. वहिनी आजारपणात गेल्यापासून तिच्या डोक्यात तेच. नववी ते बारावी, चार वर्षं पोरीनं मान वर केली नाही. नववीत गणितात आपटली, दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी आपणहून शिकवणीच्या बाईंकडे जाऊन बसली. रविवारी दवाखान्यात चादरींच्या घड्या घालायला जायची. प्रथमोपचाराच्या परीक्षा दिल्या. हाडांची नावं घोकून घोकून माझीही पाठ करून टाकली. आणि कागद घरात आला रे आला, की तासाभरात दादाच्या मशीनमध्ये! नापासाचा निकालसुद्धा सोडला नाही त्यानं.

"अरे, हे कशाला मिरवायचं?" मी म्हटलं.

"कुठून कुठे पोचली ते कळायला नको?"

गरम प्लास्टिक मशीनमधून बाहेर सरकलं की दादाचा चेहरा असा खुलायचा, की बघणाऱ्यालाही बरं वाटायचं.

बारावीची गुणपत्रिकाही तशीच चकचकीत झाली. ठकीचं नाव कॉलेजच्या यादीत लागलं, पण अगदी तळाला. शुक्रवारी चार वाजेपर्यंत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जाणार. दुकानाला कुलूप घालून आम्ही तिघंही गेलो. रांग काही हलेना. आमचा नंबर लागला तेव्हा अडीच वाजले होते.

खिडकीतल्या बाईंनी गुणपत्रिका उलटी केली आणि नखानं वाजवून बघितली.

"हे लॅमिनेशन कोणी केलं?"

दादा छाती काढून पुढे. "मीच. आपलं दुकान आहे."

"मग एवढं कळत नाही? याच्या मागे आमचा शिक्का आणि सही लागते. प्लास्टिकवर शाई धरत नाही. उघडा कागद आणा."

"दुसरी प्रत काढली तर?"

"तिला पंधरा दिवस लागतात. खिडकी चारला बंद. चला, पुढे कोण आहे?"

दादाच्या तोंडचं पाणीच पळालं. बसमध्ये मी त्याला नको नको ते बोलले. मी घाबरले की माझं तोंड थांबत नाही. "घाल अजून प्लास्टिक! पोरीला पण घाल!" तो खाली मान घालून ऐकत होता. ठकी खिडकीबाहेर बघत होती.

दुकानात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आजवर शेकडो जणांना यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, की आपलं लॅमिनेशन निघणार नाही, ओढून बघा. आता तेच याला काढायचं होतं. त्यानं ब्लेड उचललं.

"बाबा, शिक्का मागेच मारतात ना?" ठकी म्हणाली. "मग पुढचं राहू दे. मागचंच काढा."

त्यानं चारी कडा कापल्या. वर फडकं टाकून इस्त्री फिरवली, एक कोपरा नखानं उचलला आणि केसभर ओढला. इस्त्री, पुन्हा केसभर. मध्येच चर्र झालं. कागदाचा एक पापुद्रा प्लास्टिकला चिकटून वर आला, आणि तिथून पलीकडची अक्षरं दिसायला लागली.

"अरे देवा, थांब!" मी किंचाळले.

"तू जीभ आवर," दादा म्हणाला. मला असं तो कधी बोलत नाही. साडेतीनला शेवटचा तुकडा सुटला.

बसची वाट न बघता रिक्षा केली आणि कॉलेजच्या पायऱ्या आम्ही पळत चढलो. चारला सात मिनिटं होती. बाईंनी विरलेला कोपरा बघून कपाळाला आठ्या घातल्या, आमच्या तिघांच्या घामेजल्या तोंडांकडे बघितलं आणि शिक्का हाणला. सही केली. झाला प्रवेश!

बाहेर आल्यावर दादा पायरीवर मटकन बसला. "माझ्या हातानं तुझं वर्ष घालवलं असतं गं मी."

ठकी त्याच्या शेजारी बसली. "बाबा, मला माहीत होतं. मूळ कागद लॅमिनेट करायचा नाही, असं शाळेत दहावीतच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडले.

"बाबा एवढे खूश असायचे. मला वाटलं, चालून जाईल."

आता हा पोरीला जवळ घेणार, असं मला वाटलं. पण दादा ताडकन उठला. त्याला चिडलेलं मी आयुष्यात दोनदाच पाहिलंय, त्यातली ही दुसरी खेप.

"चालून जाईल? उद्या तिकडे डॉक्टरनं चुकीचं औषध लिहिलं, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहशील? समोर खाटेवर आजारी माणूस असेल, ठके!"

दिवसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली पोर हमसून रडायला लागली. दादाचेही डोळे भरले, पण तो मागे हटला नाही.

"तेव्हा जे बोलली नाहीस ते म्हण आता. माझ्याकडे बघून म्हण."

तिनं नाक पुसलं. "तुम्ही चुकलात, बाबा."

"ऐकू नाही आलं."

"बाबा, तुम्ही चुकलात!" पायऱ्या चढणारी माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्यानं ती म्हणाली. दादानं मान डोलावली आणि मग तिला जवळ घेतलं.