मागे वळून न पाहिलेली अदलाबदल

घरात तिला सगळे कडीवाली म्हणत. कडी लावली तरी दार दोनदा ओढून बघणार. अशा मुलीनं लिहिलेल्या आज्ञांवर चालणारा कारखान्यातला पत्रा दाबायचा प्रेस खाली आला, तेव्हा तिच्या मामांचा हात आत होता.

हात निसटला. बाहीचा तुकडा साच्यातच राहिला.

"शर्टच गेला गं. तुझ्या मामीला तसाही आवडत नव्हता," मामा म्हणाले. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

प्रेस खाली आणायला पुढे एक बटण, आतला कचरा काढायला मागे एक. आधी दाबेल त्याला हिरवा दिवा आणि ताबा, दुसऱ्याला लाल. मामांनी कचरा काढायला मागचं दाबलं, हिरवा दिवा पाहिला आणि हात घातला. पण त्यांनी बटण दाबलं त्याच क्षणी पुढच्या कारागिरानंही दाबलं होतं. त्यालाही हिरवा!

"दोघांना हिरवा? असं होतंच कसं?" फोरमन कडाडला. "कारण सापडेपर्यंत प्रेस बंद."

कडीवालीनं लॅपटॉप उघडला. तिनं आपल्या सी भाषेतल्या ओळी वाचल्या. ताब्याचा आकडा शून्य, म्हणजे प्रेस मोकळा, आहे का बघ. असेल तर एक लिही. बघणं अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्येच न तुटणारं; लिहिणंही अ‍ॅटॉमिक. मग मध्ये घुसलं कोण?

तिनं कंपायलरनं काढलेलं असेम्ब्ली, म्हणजे त्याच ओळींच्या प्रोसेसरला दिलेल्या सूचना, उघडलं. बघायला साधी मूव्ह, आकडा नुसता उचलून आणणारी. लिहायला चक्क एक्सचेंज! नवा आकडा आत, जुना बाहेर, एका दमात. मध्ये कुणाला शिरकाव नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

पुढची सूचना वाचली आणि ती थिजली. बाहेर आलेला जुना आकडा तसाच पुसला जात होता. दोन्ही बटणांनी आधी शून्य पाहिलं, मग दोन्हींनी एक लिहिला. नंतर लिहिणाऱ्याच्या हाती जुना आकडा म्हणून एक आला असणार, 'आत कुणीतरी आहे' असं सांगणारा. प्रोसेसरनं सांगितलं होतं. तिनं विचारलंच नव्हतं.

"मामा, मी कडी लावून ओढून पाहिली नाही हो," ती कशीबशी म्हणाली.

तिनं आधीचं बघणं काढलं. थेट अ‍ॅटॉमिक एक्सचेंज. परत आलेला आकडा शून्य असेल तरच हिरवा. असेम्ब्लीत तीच एक्सचेंज, पण तिच्यामागे आता तपासणी होती.

मामांनी आणि कारागिरानं एकदम बटणं दाबली. एक हिरवा, एक लाल. फोरमननं मान डोलावली. हिरवा मामांचा होता. सवयीनं त्यांचा हात पुढे गेला.

"मामा!" ती एवढ्यानं किंचाळली की कारागीरही दचकला.

मामांनी हात मागे घेतला आणि कचरा काढायला कोपऱ्यातला लांब चिमटा उचलला.