पुठ्ठ्याचं बोरगाव

ये बाई, अशी जवळ ये. पुण्यात बसून आजोबाला खोकी पाठवायची आणि फोनवर "पोचलं का?" एवढंच विचारायचं, ही कुठली रीत गं तुझी? ते "पोचलं" म्हणाले, तू "बरं" म्हणालीस, झालं. त्या एका शब्दामागं इथं महिनाभर काय काय घडलं, ते तुला सांगणार कोण? तुझ्या आज्जीची धाकटी बहीण मी, माझ्यावाचून आहे कोण दुसरं. म्हणून लिहायला बसलेय. मध्येच मोबाईल वाजला तर वाजू दे.

पहिलं हे ऐकून ठेव की तुझ्या आजोबांसारखा, म्हणजे आमच्या दाजींसारखा, जग उलट्या बाजूनं बघणारा माणूस अख्ख्या बेळगावात दुसरा सापडायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी वडगावात हातमागावर साड्या विणल्या. त्यांच्या मागावर साडीची उलटी बाजू विणकराच्या डोळ्यांसमोर यायची आणि सुलटी खाली जमिनीकडं. नक्षी नीट उतरते का ते बघायला दाजी तळहाताएवढा आरसा साडीखाली धरायचे. पुढं गल्लीत पावरलूम आले, दाजींचा माग गेला, पण तो आरसा काही खिशातून गेला नाही. कपाटाखाली चष्मा गेला, काढ आरसा. दाढ दुखली, काढ आरसा. लग्नाच्या पंगतीत मागल्या ओळीत बासुंदी कुठवर आली, तेसुद्धा हा माणूस मान न वळवता आरशात बघतो आणि पुढची पुरी खायची का थांबायचं ते ठरवतो. तुझ्या आईच्या साखरपुड्यात तर मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. व्याह्यांनी कौतुकानं आणलेली भारी साडी दाजींनी सगळ्यांदेखत पालथी केली, चष्मा कपाळावर चढवून मागचे धागे बघितले आणि म्हणाले, "बरी हाय. पदराला घाई केलीया." व्याही तोंडाचा आ करून बसले. मी चहाचा ट्रे उचलून आत गेले ती निरोपालाच बाहेर आले.

आता तुझ्या खोक्याकडं येते. खोक्यावरचं चित्र काय गं देखणं. लाल छपराचा बंगला, धुराडं, खिडक्यांत पिवळा उजेड, भोवती हिरवी बाग, दारात झुपकेदार कुत्रं. दाजींनी खोकं दोन दिवस देवाजवळ ठेवलं होतं. "नातीनं बंगला धाडलाय," म्हणून दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना दाखवून झालं. तिसऱ्या दिवशी उघडलं, मी समोरच होते. आत पापडाएवढ्या पातळ पुठ्ठ्याची चार पानं. खाचा एकीकडं आणि त्यांत बसवायच्या पट्ट्या भलतीकडं. छपराचा एक तुकडा आलाच नव्हता. कसं जोडायचं ते सांगणारा कागद इतक्या बारीक अक्षरात की मुंगीनंसुद्धा चष्मा मागावा. तरी दाजींनी तीन दिवस खपून बंगला उभा केला. केवढा म्हणशील? कोथिंबिरीच्या जुडीएवढा. आणि पंखा लावला की एका अंगावर रेलायचा. मी हबकलेच. म्हटलं, पोरीला सांगा, परत पाठवून दुसरा मागवील. तर म्हणाले, "पोरीनं हौसंनं धाडलाय. तिला न्हाय सांगायचं." आणि बंगला अलगद पालथा घालून त्याचं बूड न्याहाळत बसले.

इथं तुझ्या आज्जीचं सांगायला हवं. पडल्यापासून आक्काला गाडीत बसवत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तिनं बोरगावचा ध्यास घेतला होता, हे ठाऊक नसेल. आमचं माहेर निपाणीपलीकडं बोरगावला. "एकदा घर बघून येते, मग माझं काय बी होऊ दे," हे दिवसातनं चारदा. आणि तुला सांगते, ते घर उरलंच नव्हतं. आमच्या भाच्यानं गेल्या दिवाळीच्या आधी ते पाडून स्लॅबचं घर घातलं, खाली दुकानाचे गाळे. चूक त्याची म्हणत नाही, त्यालाही संसार आहे. पण आक्काला सांगायचं कुणी? दाजी रोज नवी थाप मारायचे. आज रस्ता खणलाय, उद्या बस बंद हाय, परवा निपाणीत लई ऊन हाय. त्यांच्या जन्मात खोटं बोलायची वेळ आली नव्हती, त्यामुळं थापासुद्धा वेड्यावाकड्या.

तर बंगला रेलल्याच्या चौथ्या दिवशी दाजी भर दुपारी चालत खासबागेत माझ्या दारात. घाम पुसायच्या आधी विचारलं, "बाई, तुमच्या घरात शिरल्यावर हीर कुठल्या हाताला वं?" मला कळेना, ऊन लागलं की काय. म्हटलं, दाजी, पन्नास वर्षांचे तुम्ही जावई, विहीर मला विचारता? तर म्हणाले, "जावई मानूस मी. बाहेरच्या सोप्यावर बसवून चा दिला, तितंच जेवलो, तितंच निजलो. आत कवा गेलो?" पन्नास वर्षांत या माणसानं आमचं स्वैपाकघर बघितलेलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मग मी सांगत गेले आणि ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहीत गेले. विहीर उजव्या हाताला. डावीकडं जिना. परसात तुळस. सोप्याच्या कोपऱ्यात तंबाखूची बोदं, म्हणजे गासड्या, त्यांच्या वासानं पाहुणे शिंकायचे.

पुढचे तीन आठवडे आक्काला माजघरात बसवून दाजी मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. मी गेले की मला आत घ्यायचे, आणि दर खेपेला मी थक्क व्हायचे. तुझ्या पातळ पुठ्ठ्याला त्यांनी बळ कशाचं दिलं असेल? माळ्यावर जकार्डाचे जुने पुठ्ठे होते. भोकं पाडलेले पुठ्ठे गं, ज्यांच्या आधारानं मागावर नक्षी उतरायची ते. माग गेला तरी त्यांनी जपले होते, आक्कालासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. ते या माणसानं कात्रीनं कापले. मला बघवेना. आम्ही सुताला लावायचो तशी भाताच्या पेजेची खळ शिजवली आणि एकावर एक चिकटवून भिंती केल्या. बंगल्याचं लाल छप्पर कापून त्याची कौलं झाली. धुराड्याचं तुळशीवृंदावन झालं. कुंपणाच्या तपकिरी पट्ट्यांची गुंडाळून तंबाखूची बोदं. बाग पाटी पालथी करावी तशी उलटून परसाची माती केली. कुत्रं तेवढं राहिलं, कारण ते दारापासून सुटं होईना.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी ते घर पाटावर ठेवून दाजींनी आक्कापुढं आणलं. म्हणाले एवढंच, "पोरीनं धाडलेला बंगला जरा दुरुस्त केलाय."

आक्कानं बघितलं. मग बोट लावून म्हणाली, "हीर डाव्या हाताला का?"

विहीर डावीकडं, जिना उजवीकडं, उगवतीचं स्वैपाकघर मावळतीला. सगळं घरच उलटं. अगं, मी रोज बघत होते आणि माझ्या ध्यानात आलं नाही. दाजींनी कॅलेंडरवरून नक्षी उतरवावी तसं घर उतरवलं होतं. चाळीस वर्षं उलट्या बाजूनं विणायची हातांची सवय, डावं ते उजवं. त्यांचा चेहरा असा पडला की मला त्यांच्याकडं बघवेना. ज्यानं व्याह्यांच्या साडीच्या पदराची खोड काढली, त्या माणसाच्या हातून आक्काचं माहेर चुकलं होतं. आणि चुकीपेक्षा मोठी भीती, आता ती खऱ्या घराचं विचारणार.

आक्कानं नुसता हात पुढं केला. "आरसा द्या हिकडं."

दाजींनी खिशातला आरसा दिला. तिनं तो घराच्या दारासमोर धरला आणि मान वाकडी करून आत बघितलं. मीही तिच्या खांद्यावरून वाकले. आरशात विहीर उजवीकडं. जिना डावीकडं. भिंतींच्या भोकांतून कवडसे असे पडले होते, जसे आमच्या कौलांच्या फटीतून पडायचे. आमचं घर, जसंच्या तसं.

"पाडलं न्हवं घर?" आरशातून नजर न काढता तिनं विचारलं.

दाजी म्हणाले, "व्हय. तुला कुणी सांगितलं?"

"उभं असतं तर तुमी कशाला बांधत बसला असता?"

वाटलं, आता ही कोसळेल. वर्षभर ज्याला आम्ही घाबरलो ते समोर आलं होतं. आक्का रडली, नाही असं नाही, पण आरसा हातातून सोडला नाही. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आईचं जातं न्हाय केलंसा. आन् ते कुत्रं कुनाचं? आपल्यात कुत्रं नव्हतं." दाजी लगेच उठले. राहिलेल्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापायला बसले, आणि कापता कापता त्यांचं नाक सुरसुरत होतं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता रोज दुपारी आक्का दारासमोर आरसा धरून बसते. दाजी पलीकडं बसतात. ती एकेक खोली सांगते, इथं मी लपायची, इथं मला विंचू चावला, आणि हा माणूस पन्नास वर्षांनी पहिल्यांदा सोप्याच्या आत जातो. आरसा तिच्याकडंच असतो. परवा एका पंगतीत दाजींना बासुंदी कुठवर आली ते कळलंच नाही. पुऱ्यांनीच पोट भरून घरी आले, पण तक्रार नाही.

कुत्रं अजून दारात आहे. आक्का म्हणते राहू दे, पोरीनं धाडलेलं आहे. तिला तुला परसातला एक कोपरा दाखवायचाय, कुठला ते मला सांगत नाही. खळीचा पुठ्ठा आहे गं, दमट हवेत फुगायला लागलाय, आणि आक्काची नजर दिवसेंदिवस मंद होतेय, ते तर तुला माहीतच आहे. तेव्हा सुट्टीची वाट बघू नकोस, येत्या रविवारीच ये. येताना खोकं आणू नकोस. नुसती ये.