पावसात वाडीत कोण असतं

आई गेली त्या दिवशी वहाळाला पाणी होतं आणि दवाखाना पलीकडे होता. डोली अलीकडेच थांबली.

दिवाळीनंतर आमदार आमच्या वाडीत आले. देवळात बसून त्यांनी वहाळावरच्या साकवाची मागणी ऐकली. ऐकताना ते चष्मा काढून त्याची काडी दातांत धरत आणि बोलणारा थांबला तरी थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहत. मी खांबाला टेकून बसलो होतो.

“पूल द्यायचा तर वाडीत माणसं किती ते बघतात,” ते म्हणाले. “तुमची कमी भरतात.”

“मंग गणपतीला येवा नि मोजा!” शेजारच्या काकू म्हणाल्या. “मुंबैवाली मावायची नाय तुमच्या कागदात.”

सगळे हसले, तेही हसले. मग त्यांनी विचारलं, “आणि पावसात इथे कोण असतं?”

“आमी म्हातारी.”

त्यांनी चष्म्याची काडी पुन्हा दातांत धरली. “म्हणजे नियमच उलटा आहे,” ते हळू म्हणाले. “डोली उचलायला माणसं नाहीत, तिथे साकव आधी हवा.”

नियमाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात साकव झाला. काकू आता भर पावसातही औषधाला एकट्या चालत जातात.