आबा सुकाणींचा निळा ठिपका

"बाबा समुद्रात आहेत आणि तू मला थांब म्हणतोस?" फोनवरून प्रशांत ओरडत होता. "किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत. इथे नकाशावर दिसतायत मला. त्यांना होडीत बसवलं कुणी?"

प्रशांत म्हणजे आबा सुकाणींचा एकुलता एक मुलगा. नवी मुंबईत औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मूळचा मालवणचाच, पण रागावला की शुद्ध बोलतो, आणि त्या दुपारी तर इतका शुद्ध बोलत होता की त्याला शाळेत नापास करणाऱ्या मराठीच्या बाईंनी उठून पैकीच्या पैकी दिले असते. मी फोन हातभर लांब धरला होता, तरी माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातले मेलेले फोनसुद्धा काचेच्या कपाटात थरथरत होते. मला फोन लावण्याआधी त्याने निम्मं मालवण उठवलं होतं. चार होड्या निघाल्यादेखील. त्यातली एक आबांना शोधायला गेली ती संध्याकाळी आठ टोपल्या बांगडे घेऊन परतली. तिचा तांडेल अजून म्हणतो, असो म्हातारो दर आठवड्याक बुडाक होयो.

मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि धावलो. बंदराकडे नाही, आबांच्या घराकडे. गेल्या वर्षभरात आबांचा घोटासुद्धा खाऱ्या पाण्यात भिजलेला नाही, हे साऱ्या मालवणात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक आबांना आणि एक मला.

आबांनी छत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुकाणी म्हणून काढली. कप्तान हुकूम देतो, पण चाक हातात असतं ते सुकाणीच्या. घरी परतले तरी ते चाक काही सुटलं नाही. जेवायला बसले की ताट दोन्ही हातांनी कडेला धरत आणि भाताचा डोंगर चुकवून मासा अलगद आमटीच्या बंदरात आणत. रिक्षात मागे बसून पुढच्याला सांगत, "दोन अंश डावीकडे घे." एका रिक्षावाल्याने वैतागून एकदा त्यांनाच पुढे बसवलं, तर म्हणे ती रिक्षा कुडाळपर्यंत एकाही खड्ड्यात गेली नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या रस्त्यावर हे घडलं असेल तर आबांच्याच हातून.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "सुकाण कोणाच्या हातात, ता आधी सांग." नवं सरकार येवो, नवी स्कूटर येवो, आबा एवढंच विचारत. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी कुठली, काय शिकलेली, याची चौकशी नाही. फक्त हेच. मी खरं ते सांगितलं. "मगे सुखी होतलंस," म्हणाले आणि लाडू उचलला.

दुसरं वाक्य दुकानावरून जाताना. "जेवलंस मा?" सकाळी आठ वाजताही तेच. मी "होय" म्हटलं की पुढे जायचे. "नाय" म्हटलं की स्टुलावर बसायचे आणि तासभर उठायचे नाहीत. म्हणून मी बहुधा "नाय" म्हणत असे.

मग आबांची बायको, आमच्या काकी, गेल्या. त्याच पावसाळ्यात बाबलही गेला. बाबल म्हणजे आबांचा शाळेपासूनचा सोबती. त्याच्या ओट्यावर रोज सकाळी सव्वादहाला चहा. त्या घराचं पुढे पर्यटकांसाठी होम-स्टे झालं आणि ओट्यावर कुंड्या आल्या. आबांचं बाहेर पडणं थांबलं. पाय धड, डोळे धड. मी एकदा डबा घेऊन गेलो आणि विचारलं, "आबानू, बाजारात दिसणत नाय?"

"जाव खंय?" ते म्हणाले. "जेंच्याकडे जायन, ते सगळे गेले."

प्रशांतने त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. बाप कुठे आहे ते त्यामुळे मुलाला नकाशावर निळ्या ठिपक्यात दिसे. ठिपका दिवसभर घरावरच बसलेला असला की संध्याकाळी सातला फोन यायचा. "बाबा, आजपण घरातच?" मग पाऊण तास दोघांचं भांडण. चतुर्थीला आला तेव्हा प्रशांतने निर्वाणीचं सांगितलं: चार महिने तुम्ही उंबरा ओलांडलेला नाही. असंच चाललं तर दिवाळीनंतर घराला कुलूप लावतो आणि तुम्हाला घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्या दुकानात हजर. चार महिन्यांत पहिल्यांदा. फोन पंच्यात गुंडाळलेला, जखमी कासव आणल्यासारखा.

"ह्या फोनाचा सुकाण कोणाच्या हातात, ता आधी सांग."

मी म्हटलं, "कंपनीच्या. थोडासा प्रशांतच्या. आपण सगळे फोनात नुसते प्रवासी, आबानू."

"माझ्या खिशात रवता, माझी वीज खाता, आणि ऐकता दुसऱ्याचा?"

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. ठिपका आपल्या हातात हवा. आपण घरात, ठिपका बाहेर. खोटं ठिकाण लावणारी अ‍ॅपं मिळतात, पण प्रशांतचं अ‍ॅप हुशार होतं. ठिकाण नकली असलं तर चुगली करायचं. त्याचं तोंड बंद करायचं तर फोन रूट करावा लागणार होता. म्हणजे कंपनीने स्वतःकडे राखलेले सगळे अधिकार फोनच्या मालकाला मिळवून देणं. प्रवाशाने थेट कप्तानाच्या खोलीत शिरणं. मी म्हटलं, वॉरंटी जाईल, बिघडला तर फोनचा चिरा होईल, नुसता कुंपणात बसवायच्या लायकीचा. आणि हे सगळं कित्याक? जा ना मुलाकडे.

आबा स्टुलावर बसले. "थंय चवदावो माळो. खाली बघलंय तर एक रस्तो वळखीचो नाय. हय माणसां नायत, पण रस्ते तरी माका वळखतत."

मी फोन घेतला.

आधी कुलूप उघडायची परवानगी कंपनीकडे मागावी लागते. कंपनी म्हणाली, सात दिवस थांबा. आबा सातही दिवस येऊन विचारून गेले. "जहाजार हुकूम सात सेकंदात येता. ह्येंचो कप्तान झोपलो हा काय?" आठव्या दिवशी कुलूप उघडलं आणि फोन आतून धुऊन पुसून कोरा झाला, काकींचे फोटो मी आधीच काढून ठेवले होते. मग केबल लावून रूटचं काम सुरू केलं, तर फोन कंपनीच्या चिन्हावर जो अडकला तो अडकलाच. पंधरा मिनिटं. माझ्या घामाने दुकानात ओहोटीची भरती झाली असती. आबा शांत, दोन्ही हात टेबलाच्या कडेला, जणू फोन तेच वळवत होते. अखेर तो जागा झाला आणि पडद्यावर इशारा आला: हा फोन आता सुरक्षित नाही. त्यानंतर तो दर वेळी सुरू होताना येणारच होता. मी वाचून दाखवला.

"पंच्याहत्तर वर्षां झाली," आबा म्हणाले, "मी तरी खंय सुरक्षित आसंय?"

प्रशांतचं अ‍ॅप मी पुन्हा चढवलं. ठिपका हलवायचा तर अक्षांश-रेखांश टाकायचे. ते मी शोधायच्या आत आबांनी तोंडपाठ टाकले आणि ठिपका गेला थेट समुद्रात. आमच्या बंदराचे रेखांश त्र्याहत्तर अंश अठ्ठावीस मिनिटं, म्हणून त्यांनी जहाजाच्या सवयीने ७३.२८ लिहिले. नकाशाला मिनिटं कळत नाहीत, त्याला दशांश लागतात. अठ्ठावीसला साठाने भागून ७३.४६७. आबा पोट धरून हसले. "म्हणजे हो फोन अकरा सागरी मैल चुकता. असलो सुकाणी मी पाण्यात फेकलो असतो." पण घरी जाऊन त्यांनी वहीत साऱ्या गावाचं कोष्टक मांडलं. बाजार, देऊळ, वाचनालय, बंदर, सगळं दशांशात, पाच-पाच आकड्यांपर्यंत. परत कधी चुकले नाहीत.

आणि मग तो ठिपका असा काही जगला की काय सांगू. बाजारात गेला, भजनाला गेला, मालवणात निमंत्रण नसलेली दोन लग्नं जेवून आला. दर बुधवारी आरोंद्याला सासुरवाडीला. एका उडीत नव्हे, एसटीच्या वेगाने. आबा पडवीतल्या खुर्चीत बसून दर पाच मिनिटांनी ठिपका पुढे सरकवत, घाटीवर हळू घेत, सावंतवाडीला गाडी बदलायला वीस मिनिटं थांबवत. मी म्हटलं, आपोआप चालेल असं लावून देतो. "नको," म्हणाले. "सुकाण हातातच होया." वहीत जहाजासारखी नोंद: ०९४०, बाजार. १०१५, बाबलच्या ओट्यार चाय. १११०, घर.

दिवाळी झाली. कुलूप लागलं नाही. प्रशांत सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, बाबा काय फिरतायत. बाप हिंडताफिरता आहे म्हटल्यावर रोज फोन करायची गरज काय? आधी एक दिवसाआड झाला, मग रविवारी, मग रविवारीही नाही. नुसतं अंगठ्याचं चित्र यायचं. आबांनी ते मला दाखवलं. "एवढो शिकवलो तेका, आणि अंगठो करता."

तर त्या दुपारी मी धापा टाकत पोचलो. आबा पडवीत. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. फोन हातात वाजत होता आणि ते नुसते त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, घाबरलेत.

"उचला आबानू. चुकीचे आकडे पडले. प्रशांत वेडो झालो हा."

"थांब," ते म्हणाले. "वाजां दे."

वाजून थांबला. पुन्हा वाजला. शेजारच्या वहीत पेन्सिलीच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. मी मोजल्या, सव्वीस. सत्ताविसाव्याला त्यांनी उचलला. "होय. घरातच आसंय. नाय रे, कसलो बुडतंय. तू रडतंस कित्याक?"

प्रशांत दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आला तो ऑफिसच्याच चुरगळलेल्या कपड्यांत. आबांचा फोन सुरू करताना तो इशारा त्याने वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन इथे करत नाही. मग वही वाचली, उभ्याउभ्या, सगळी.

"बाबलकाका जाऊन दोन वर्षं झाली, बाबा."

"चाय बरी करी," आबा म्हणाले.

प्रशांत खाली बसला. वही मिटून मांडीवर ठेवली. बोलला तेव्हा मालवणीत बोलला. "चला माझ्या वांगडा, नवी मुंबईक." आबांनी वाद घातला नाही. आठ महिने ज्या घरासाठी त्यांनी समुद्र सोडून बाकी सगळीकडे ठिपका फिरवला, त्या घराची किल्ली त्यांनी स्वतः काढून दिली.

कुडाळ स्टेशनवर मीच सोडायला गेलो. प्रशांत डबा कुठे लागतो ते बघायला पुढे गेला. आबा बाकावर, दोन्ही हात पिशवीच्या कडांना.

मला राहवेना. मी म्हटलं, "आबानू, आठ महिने एक आकडा चुकलो नाय तुमचो. कोष्टक समोर होता. मगे त्याच दिवशी अंश-मिनिटां कशी पडली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रुळांकडे बघत होते.

"फोन इलो मा," ते म्हणाले.