'शे' म्हणणारा चोर

माझा गुप्तहेर म्हणजे देवपूरला राहणारा निवृत्त प्राध्यापक. घरातही इस्त्रीचा सदरा घालायचा, प्रेत पाहूनसुद्धा शुद्ध मराठीत हळहळायचा. पहिल्या पुस्तकाला वाचक मिळाले तशी मी त्याची मालिकाच लावली. तिशीतली होते तेव्हा. धुळ्याच्या बाजारात भाजी घेतानाही गॉगल काढत नसे, न जाणो कुणी लेखिका म्हणून ओळखलं तर! ओळखायचा फक्त भाजीवाला, तोही घासाघीस करणारी बाई म्हणून.

नवं पुस्तक आलं की आईला वाचून दाखवायचे. आई एरंडोलकडच्या खेड्यातली, जन्मभर अहिराणी बोललेली. चार पानं झाली नाहीत तोच खुनी कोण ते सांगायची. दर वेळी बरोबर. मी चिडून खोटे पुरावे पेरायचे, रहस्य गुंतवायचे. उपयोग शून्य. शेवटी विचारलंच, "आई, तुला कळतं तरी कसं?"

"त्यात काय शे? ज्याना तोंडमा 'शे' ऱ्हास, तोच चोर." मग शेंगा सोलता सोलता हसली. "मंग मी बी चोरच शे का व?"

पुस्तकं काढून पाहिली. बंगल्यातले, पेढीवरचे सगळे 'आहे' म्हणत होते. गडी, मोलकरीण, ट्रकमध्ये केळी भरणारा हमाल 'शे' म्हणायचे आणि शेवटच्या प्रकरणात बेड्या घालून जायचे. आणि मी भाषणांत सांगत फिरायचे, माझ्या कथांत समाजाचा आरसा आहे म्हणून!

आईला म्हटलं, पुढच्या वेळी गुप्तहेर बाईच, तुझ्यासारखी बोलणारी. तिनं ते फार मनावर घेतलं. फोन केला की आधी तिच्या त्या बाईचीच चौकशी, "मनी बाई काय करी ऱ्हायनी? चोर सापडना का?"

"शोधतेय गं," मी म्हणायचे.

खरं तर पहिल्या प्रकरणात बाई झकास बोलली होती. शेवटच्या प्रकरणात खुनी शेठच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि लागली 'आहे' 'आहे' करायला. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मी तरी दुसरं काय केलं होतं? हस्तलिखित बाजूला ठेवलं. प्राध्यापकाची पुस्तकं मात्र येत राहिली.

आई गेली. आता रोज ते शेवटचं प्रकरण घेऊन बसते. बाईनं शेठकडे बोट दाखवून दोन वाक्यं बोलायची, एवढंच उरलंय. लिहिते, आईला वाचून दाखवायचे तसं मोठ्यानं वाचते, आणि बाईच्या तोंडून प्राध्यापक बोलतो. आई असती तर पहिल्याच वाक्याला शेंगा खाली ठेवून म्हणाली असती, "हाई आपली नही."