गाड्या मोडणारे दाजी

मेलेल्या गाडीचं सुतक पाळणारा माणूस जुन्नर-आंबेगावात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आळेफाट्याला दाजींचा भंगाराचा वाडगा होता, पत्र्यांनी वेढलेलं मोकळं आवार. थकलेले ट्रक, टेम्पो, जीपगाड्या तिथे शेवटच्या यायच्या. या धंद्यात गाडी आली की संध्याकाळच्या आत तिचे तुकडे करून मोकळं व्हायचं असतं. दाजी मात्र आधी मालकाला बसवून चहा पाजायचे आणि गाडीची सगळी हकीकत विचारून घ्यायचे: कुठून आणली, पहिली खेप कशाची, घाटात कुठे दगा दिला. सांगता सांगता मालकाचा चहा निवून जायचा. ओतूरकडचा एक कांदेवाला तर डोळे पुसत उठला आणि आपला टेम्पो ढकलत परत घेऊन गेला. त्यावर उस्ताद म्हणाले होते, "भाऊ, आपन गाड्या मोडायला बसलोय का त्यांची लग्नं जुळवायला?"

उस्ताद म्हणजे दाजींचे जोडीदार. जुन्नरचे, लेथवर हात बसलेले, आणि गॅस कटरही तेच चालवायचे. दोघं मिसरूड फुटायच्या वयापासून एकत्र. गाडी कापायच्या आधी दाजी तिच्या डॅशबोर्डवरचा देव सोडवून घेत आणि शेडच्या भिंतीला लावत. गणपती, खंडोबा, कुठल्याशा दर्ग्याची तसबीर, मेरीमाता, सगळे शेजारी शेजारी. संध्याकाळी आक्का उदबत्ती घेऊन निघाली की भिंतीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत ती अर्धी जळालेली असायची. घरीही तेच. ओसरीवर एसटीचं बाक, समोर पकडायला दांडा. आमची आई लेकीकडे आली की बोलता बोलता तो दांडा घट्ट धरून बसायची, जणू पुढे वळण आहे.

नव्वदच्या दशकात चाकणकडे कारखाने उभे राहू लागले. त्यातल्या एका मोटार कंपनीचे लोक आसपासच्या तालुक्यांत लहान वर्कशॉप शोधत फिरत होते; बारीकसारीक भाग जवळच बनवून घ्यायचे होते त्यांना. दाजींच्या अंगात वारंच शिरलं. "आजवर गाड्यांना पोचवत आलो," ते उस्तादांना म्हणाले, "आता एक बाळंतपन करू." हॉर्न धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी दोघांनी बनवली. नमुने परत यायचे, हे पुन्हा बनवायचे. शेवटी पट्टी पास झाली तेव्हा दाजींनी आळेफाट्यावर अनोळखी ट्रकवाल्यांनासुद्धा पेढे वाटले.

चाकणच्या वाटेवर पेठला शेड घेतली. कंपनीची माणसं येऊन शिकवू लागली. जमीन रंगवा, प्रत्येक हत्याराची जागा पिवळ्या पट्टीने आखा. दाजींना हे इतकं आवडलं की त्यांनी घरी येऊन आक्काचा मिसळणाचा डबा, सांडशी, पोळपाट, सगळ्यांभोवती पिवळ्या पट्ट्या मारल्या. आक्का शांतपणे म्हणाली, "आता मी कुठं हुभं ऱ्हायचं तेवढं आखा."

मग कंपनीच्या साहेबांनी एक अट सांगितली, अगदी सभ्यपणे. नवा माल बनवणाऱ्याने भंगाराचा धंदा ठेवू नये. जुनं लोखंड नव्यात मिसळल्याची शंका राहते. दोन्हींपैकी एक निवडा. उस्तादांचं म्हणणं होतं की वाडगा सोडू नये, कंपनीचा भरवसा धरू नये, मोडायच्या गाड्या काही संपत नाहीत. दोघांचं बरेच दिवस चाललं होतं. एका दुपारी दाजी तिडिकीने बोलून गेले, "उस्ताद, तुमी जलमभर मोडतच ऱ्हावा. मला घडवायचंय."

उस्तादांनी कटरचा काळा चष्मा डोळ्यांवरून काढून बाकावर ठेवला, हात धुतले आणि जुन्नरची एसटी धरली. दाजींना वाटलं, येतील चार दिवसांनी. उस्तादांना वाटलं असेल, बोलवायला येतील. कोणीच गेलं नाही.

वाडगा बंद झाला. काही वर्षं पेठची शेड जोरात चालली. मग त्या गाडीचं मॉडेलच बंद पडलं, नव्या गाडीला ती पट्टी लागेना, आणि नव्या भागांसाठी हवी तेवढी मोठी यंत्रं दाजींना झेपणारी नव्हती. काम गेलं. दाजी रंगवलेल्या शेडमध्ये नुसते बसून राहायचे. तशातच एका एसटी ड्रायव्हरने सांगितलं की उस्तादांना अर्धांगवायू झालाय, वाचा गेलीये.

मी दाजींबरोबर जुन्नरला गेलो. नारायणगाव येईपर्यंत ते काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत जुळवत होते. दार उस्तादांच्या बायकोने, भाभींनी उघडलं. दाजींना ओळखून त्या दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "लई उशीर केला, भाऊ. बोलता येत व्हतं तवर रोज सांजच्याला इचारायचे, आळेफाट्याची गाडी आली का म्हनून."

दाजींनी जुळवलेलं सगळं तिथेच सांडलं. ते खाटेजवळ जाऊन बसले. उस्तादांचे डोळे छताला लागलेले. भाभींनी तीन कप चहा आणून खाटेच्या कडेला ठेवला; उस्तादांना पाजायचा एक त्यांनी बशीत ओतून निवत ठेवला. दाजी एवढंच म्हणाले, "उस्ताद, चुकलं माजं."

उस्तादांचा डावा हात चादरीवरून सावकाश सरकत आला आणि त्या हाताने त्यांनी आपली बशी दाजींकडे ढकलली. थोडा चहा सांडला. दाजींनी ती बशी दोन्ही हातांनी उचलली, पण ओठांपर्यंत नेणं त्यांना काही केल्या जमेना.

त्यानंतर दर बुधवारी दाजी जुन्नरला जाऊ लागले. उस्तादांचा उजवा हात मांडीवर घेऊन तेल चोळायचे आणि हायवेवरून कुठली नवी गाडी गेली ते सांगत बसायचे. पुढच्या उन्हाळ्यात उस्ताद गेले. दाजी मात्र अजूनही बुधवार आला की धुतलेला सदरा चढवून एसटीची वाट बघत फाट्यावर उभे असतात. जुन्नरला आता काय काम असतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता टोपी नीट केली आणि म्हणाले, "काम कसलं? जाऊन येतो."