कामावर न दिसलेल्या बाया

"हे पान काढ, अनवरी."

"न्हाई सर. आख्खा अहवाल त्या एका पानासाठी लिहिलाय."

"अगं, दहा वर्षांमागं तूच म्हणालीस ना, टोळ्या मजुरांनाच बांधू द्या? सरकारनं ऐकलं. आजही लोक तुझं नाव घेऊन राह्यले. आणि आता तूच लिहितेस, मी चुकले?"

"चुकले म्हणून तर लिहिते."

नवीन जालन्यातल्या एका कॉलेजचा अर्थशास्त्र विभाग, साल १९९७. टेबलाच्या पलीकडे काकासाहेब सर. अनवरीला त्यांनीच शिकवलेलं, आणि या अहवालावर दोघांचीही नावं.

शिलाईकाम करणाऱ्या पाशामियाँची ही मुलगी १९८१ मध्ये, जालना जिल्हा झाला त्याच साली, इथं शिकवायला लागली. पुढं एका कोरड्या वर्षी वर्ग ओस पडला. गैरहजर पोरांना शोधत ती वाटूरला गेली, तर पोरं रोजगार हमीवर माती उपसत होती. टोळीनं जेवढी माती खोदली, तेवढ्याची मजुरी टोळीत वाटून मिळे. पण टोळीत कोण, ते मुकादमाच्या मर्जीवर. अनवरी टेप घेऊन खड्डे मोजत फिरली, कामावरच्या माणसांशी बोलली आणि मुकादमाची मर्जी काढून टाका म्हणून लिहिलं. अहवाल गाजला, नियम बदलला.

मागच्या साली वाटूरच्या फाट्यावर गोजरबाईनं तिला गाठलं. पाठीत वाकलेली, एकटी बाई.

"मॅडम, तुमच्या टोळ्या झ्याक चालल्यात. फक्त मला कोणी घेईना."

"का?"

"मी हळू खोदते. माझ्यापायी सगळ्यांचं माप घटतं. मुकादम होता तवा त्याला शिव्या घालून घुसता यायचं. आता कुणाला घालू? साऱ्या शेजारणीच."

"मंग मला आधी का न्हाई सांगितलं?"

"कशी सांगू? तुम्ही कामावर आल्त्या विचारायला. आम्ही तर घरी."

त्यानंतरच्या पाहणीत अनवरी खोदकामाच्या जागी गेलीच नाही, घरोघर गेली. कोणतीच टोळी घेत नाही अशा नऊ गावांत एकशे बारा बाया निघाल्या. त्यांना वेगळं हलकं काम आणि रोजावर मजुरी द्या, ही तिची मागणी. आणि त्याआधीच्या पानावर: 'मागच्या पाहणीत मी फक्त कामावर आलेल्यांनाच विचारलं. ही चूक माझी.'

"मागणी राहू दे," सर खालच्या आवाजात म्हणाले. "कबुली तेवढी काढ. रोजगार हमीच्या मुंबईतल्या सरकारी समितीवर तुझं नाव जवळजवळ ठरलंय. अशा माणसाला तिथं कोण बसवेल?"

"कबुली काढली तर पहिला सवाल हाच येईल सर, मागच्या वेळी या बाया कुठं होत्या? त्या नव्हत्याच असं म्हणून मागणी बाजूला टाकतील."

"एवढी वर्षं घालवलीस त्या खुर्चीसाठी!"

"खुर्चीसाठी न्हाई घालवली."

"बरं. मंग या कागदांवर माझं नाव नको."

अनवरीनं फायलीची दोरी सोडली. दोघांची नावं असलेलं मुखपृष्ठ काढून सरांसमोर ठेवलं. कबुलीचं पान उचलून सगळ्यात वर घेतलं, त्याखाली सही केली आणि दोरी पुन्हा गच्च आवळली.

"अनवरी, वेडी झालीस का? असला अहवाल वाचणार कोण? आणि समितीचं काय कळवू मी त्यांना?"

तिनं फाईल काखेत मारली, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि ती जिना उतरून गेली.